कोकणातल्या घराच्या मागच्या दारी, फक्त शनिवार-रविवारी जाऊन, स्वतः लाकडी डेक, म्हणजे जमिनीपासून उचललेला फळ्यांचा उघडा ओटा, बांधता येईल का?

येईल. तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: चिऱ्याचं घर, जोतं दोन फूट उंच, मागच्या दाराबाहेर १२ फूट लांब (भिंतीला समांतर) आणि १० फूट रुंद डेक हवा, हाताशी दोघं-तिघं जण आणि गावात जाणं फक्त सुट्टीच्या दिवशी. याच मापांवर सगळा हिशेब मांडतो.

एक गोष्ट आधी पक्की धरा. कोकणात डेक वरच्या पावसाने जात नाही, तो खालून आणि सांध्यांतून कुजतो. वरच्या फळ्या भिजतात आणि वाळतात. जिथे लाकूड लाकडाला, मातीला किंवा भिंतीला चिकटून ओलं राहतं तिथे कीड लागते. म्हणून डेक घराला जोडू नका, तो स्वतःच्या खांबांवर सुटा उभा करा आणि भिंतीपासून इंचभर लांब ठेवा. भिंतही कोरडी राहते.

हिशेब वरून खाली येतो. डेक उंबऱ्याच्या पातळीपेक्षा दोन इंच खाली हवा, नाहीतर झडीचं पाणी घरात शिरतं. म्हणजे डेकची उंची २२ इंच. त्यातून फळी १ इंच, तिच्याखालच्या कड्या ४ इंच आणि त्यांच्याखालच्या तुळया ५ इंच वजा करा. खांब जमिनीवर १२ इंच राहतो. खालून वारा खेळायला आणि हात घालून तपासायला एवढी जागा पुरते.

खांब नऊ. भिंतीपासून १, ५ आणि ९ फुटांवर तीन रांगा आणि प्रत्येक रांगेत डेकच्या कडेपासून १, ६ आणि ११ फुटांवर एकेक. दोरी लावून कोपरा काटकोनात आणताना ६, ८ आणि १० फूट बाजूंचा त्रिकोण धरा, मग चारही टोकांच्या खांबांचे कर्ण मोजा. दोन्ही सारखे, १२ फूट पावणेदहा इंचांच्या आसपास आले पाहिजेत. पातळी पारदर्शक नळीत पाणी भरून काढा. नळीत बुडबुडा अडकला तर पातळी इंचभर चुकते आणि तुमच्या लक्षातही येत नाही, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं उभं राहतंय का ते बघा.

खड्डे दीड फूट लांब, रुंद आणि खोल. जांभ्याचा कातळ लागला तर पहारीने वरचा भुसभुशीत थर काढून तिथेच थांबा, कातळावरच खांब उभा करा. तळाला ६ इंच काँक्रीट, त्यावर ९ इंची चौरस खांब प्लायच्या पेटीत ओतायचा, आत ८ मिलिमीटरच्या चार सळ्या आणि दर ६ इंचांवर रिंग. १:२:४ च्या मिश्रणाला सिमेंट ४ गोणी, वाळू ९ घनफूट आणि खडी १८ घनफूट लागते. खाडीची वाळू फुकट मिळाली तरी नको, तिच्यातलं मीठ सळया खातं. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, घ्या. सिमेंट ज्या आठवड्यात ओतायचं त्याच आठवड्यात आणा. पुढच्या खेपेला कामाला येईल म्हणून ठेवलेली उघडी गोण दमट हवेत गाठी धरते.

वीकेंडच्या कामाचा खरा घोळ क्युरिंगचा, म्हणजे ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवण्याचा असतो. रविवारी संध्याकाळी तुम्ही निघता आणि काँक्रीट आठवडाभर उन्हात तापतं. शेजाऱ्यांना विनवून कोणी रोज दोनदा पाणी मारणार असेल तर उत्तम. नसेल तर पेट्या काढू नका, वर भिजवलेलं गोणपाट घाला आणि त्यावर प्लास्टिक घट्ट बांधून जा. आठवडाभर ओल टिकते.

खांबाच्या डोक्यावर तुळई धरायला ६ मिलिमीटर पट्टीचे यू आकाराचे नऊ क्लॅम्प तालुक्याच्या फॅब्रिकेटरकडून करून घ्या. आतून ८० मिलिमीटर रुंद आणि खाली शेपटासारख्या सळ्या जोडलेल्या. काँक्रीट ओलं असतानाच दोरीच्या रेषेत ते बसवायचे. जमल्यास गॅल्व्हनाइझ करून, नाहीतर झिंक प्रायमरचे दोन हात देऊन. तुळई ठेवण्याआधी क्लॅम्पच्या तळाशी रबराचा तुकडा घाला, म्हणजे लाकूड साचलेल्या पाण्यात बसत नाही. आणि खांबांना चुना मारा. वाळवी जमिनीतून मातीची नळी बांधत वर चढते आणि पांढऱ्यावर ती तपकिरी रेघ लांबूनही दिसते.

आता लाकूड. तीन तुळया ३×५ इंची, प्रत्येकी १२ फूट. कड्या २×४ इंची, १० फुटी, दहा नग, १६ इंचांच्या अंतराने, भिंतीपासून बाहेरच्या दिशेने. फळ्या भिंतीला समांतर, सव्वा इंच जाड आणि ४ इंच रुंद कापलेल्या. रंधा मारून त्या इंचभर जाड आणि ९५ मिलिमीटर रुंद होतात, अशा ३० रांगा. सगळं मिळून साधारण २२ घनफूट होतं, तूट धरून २५ सांगा. तुळया-कड्यांना ऐन किंवा किंजळ, फळ्यांना साग, परवडत नसेल तर त्याही ऐनाच्याच. सागाचा गाभाच टिकतो, कडेचा फिकट पांढरा भाग वाळवी आवडीने खाते. तेव्हा वखारीत ‘साग’ एवढं ऐकून पैसे देऊ नका, फळी उलटीसुलटी करून बघा. आंबा, सावर आणि पॅकिंगचं पाईन बाहेरच्या कामाला नकोच. आवारातलंच झाड तोडायचं असेल तर १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखालची परवानगी आधी काढा. घर किनाऱ्याजवळ असेल तर सीआरझेडचं (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचं) काय ते ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

ओलं लाकूड विकत घेणं ही सगळ्यात महागात पडणारी बचत. वखारीतून आणून पडवीत पट्ट्या घालून रचून ठेवा, मधून वारा जाईल असं, आणि कापलेल्या टोकांना लगेच रंग किंवा मेण लावा. टोकं पाणी पितात आणि सोडतात तीही फार वेगाने, म्हणून चिरा तिथूनच पडतात. साधं ओलावा मोजायचं मीटर मिळतं. १८ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय फळी ठोकू नका.

कड्या लावण्याआधी त्यांच्या खालच्या अंगाला आणि तुळयांना काजूच्या टरफलांच्या तेलाचा हात द्या. होड्यांना लावतात तेच. कातडी भाजते, हातमोजे घाला. कड्यांच्या माथ्यावर वॉटरप्रूफिंगची डांबरी चिकटपट्टी ओढा. फळीतून खाली आलेला स्क्रू कडीत जिथे घुसतो तिथेच पाणी मुरतं, ही पट्टी ते भोक झाकते.

फळ्या १२ फुटी सरळ मिळणं कठीण. ८ आणि ४ फुटांच्या जोडा आणि एका रांगेत सांधा डावीकडे, पुढच्या रांगेत उजवीकडे घ्या. सांधे चौथ्या आणि सातव्या कडीवरच येतात. त्या दोन कड्यांना बाजूने आणखी एक २×४ चा तुकडा बोल्ट करा. एकाच २ इंची कडीवर दोन फळ्यांची टोकं बसवली की प्रत्येकीला इंचभरच आधार मिळतो आणि स्क्रू टोक फाडून बाहेर येतो.

दोन फळ्यांत ६ मिलिमीटरची फट. मे महिन्यात हाडासारखी वाळलेली फळी जुलैत दीड-दोन मिलिमीटर रुंदावते. फट न ठेवलेला डेक पावसात फुगून मधेच वर उचलतो, तेव्हा स्क्रूही तुटतात. समान फटीसाठी ६ मिलिमीटरच्या पट्टीचे चार तुकडे करून ते फळ्यांमध्ये उभे घाला. वाकडी फळी पटाशीचं पातं कडीत रोवून, तिच्याच जोरावर ढकलत रेषेत आणायची आणि दाबून धरूनच स्क्रू मारायचा. दर पाचव्या रांगेला उरलेलं अंतर दोन्ही टोकांना मोजा. फरक तेव्हा दोन-तीन मिलिमीटर असतो, पुढच्या फटींमध्ये वाटून टाकता येतो. शेवटच्या फळीपाशी लक्षात आला तर तिला पाचरीसारखी कापावी लागते.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, १० नंबर अडीच इंची. समुद्र जवळ असेल तर ३१६ ग्रेड, आत डोंगराकडे ३०४ चालतो. प्रत्येक कडीवर दोन, सांध्यांना जास्तीचे, असे ६६० लागतात, ७५० घ्या. साधे खिळे ऐनाला किंवा सागाला काळे ओघळ सोडतात. फळीत ५ मिलिमीटरचं आणि कडीत साडेतीन मिलिमीटरचं भोक आधी पाडा. ऐन कणखर, स्टेनलेस मऊ. भोक न पाडता मारलात तर डोकं मोडून हातात येतं. डोकं फळीच्या पातळीला आणून थांबवा, आत बुडवलं तर वाटीसारखं पाणी साठतं.

पायऱ्यांसाठी २२ इंचांचे तीन चढ करा, प्रत्येकी सव्वासात इंचांच्या किंचित वर. पायरीचा तळ मातीत नको, चिऱ्यावर टेकवा.

वर जो हात द्यायचा तो अतिनील किरणं आणि बुरशी दोन्ही रोखणाऱ्या डेक ऑइलचा. व्हार्निश एका पावसात सोलतं. नुसतं जवसाचं तेल लावलं तर त्यावर बुरशी काळी धरते. फळीच्या चारही बाजूंना, बसवण्याआधी, एक हात. बसवल्यावर वरून दुसरा.

कौलांच्या पागोळ्या डेकवर पडत असतील तर आधी पन्हळ लावा. एका रेषेत चार महिने धार लागली की तिथली फळी खड्ड्यासारखी झिजते आणि बाकीचा डेक चांगला असतो. पावसाळ्यात वर ताडपत्री अंथरून जाण्याचा मोह टाळा, खाली ओल कोंडते. डेकची खालची बाजू फळ्यांनी बंद करू नका. साप-कोंबड्या आत शिरू नयेत म्हणून आडोसा हवाच असेल तर काढता येणारी जाळी लावा. वर छपराचा मांडव घालायचा विचार असेल तर हे खांब त्याला पुरणार नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगडात कुठली छपरं उचलली ते गावात कोणीही सांगेल.

दिवाळीनंतर सुरुवात केलीत तर एक वीकेंड आखणी आणि खड्ड्यांना, एक ओतकामाला, एक तुळया-कड्यांना, दोन फळ्यांना आणि एक तेलाला. मधे खंड पडला तरी चालेल, पण काँक्रीटनंतर निदान दोन आठवडे खांबांवर वजन नको. पाऊस संपला की ऑक्टोबरात पेचकस घेऊन खाली वाका, फळ्यांचे सांधे आणि तुळयांची टोकं टोचा. पेचकस अर्धा इंच आत गेला तर तो तुकडा त्याच हिवाळ्यात बदला. शेवाळ नायलॉनच्या ब्रशने घासून काढा, प्रेशरच्या पाण्याने नको, लाकडाचा मऊ भाग निघून रेषा वर येतात.