वडील ७२ वर्षांचे आहेत, सगळे व्यवहार तेच बघतात. त्यांच्या पश्चात अडायला नको म्हणून कागदपत्रांची तयारी कशी करावी?

वडिलांशेजारी बसून एका वहीत सगळं लिहून काढा: कुठल्या बँकेच्या कुठल्या शाखेत खातं, एफडीच्या पावत्या, पोस्टातली बचत, एलआयसीच्या पॉलिसी, डिमॅट, लॉकरची किल्ली कुठे असते, कुणाला उसने दिलेत, कुणाचे घेतलेत. हे शेवटचं बहुतेक घरांत फक्त एकाच माणसाला ठाऊक असतं, म्हणून ते आवर्जून विचारा. पासवर्ड वहीत नकोत, ते वेगळे ठेवा.

मग प्रत्येक ठिकाणी नॉमिनी तपासा. जुन्या खात्यांवर बरेचदा वडिलांनी लग्नाआधी लावलेलं त्यांच्या आईचं किंवा भावाचं नाव तसंच राहिलेलं असतं. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. पण बँकेतली रक्कम नॉमिनीच्या हाती आली म्हणजे ती त्याच्या मालकीची झाली असं नाही, वारसांचा हक्क राहतोच. भावंडांत वाद होतात ते इथेच.

म्हणून मृत्युपत्र कराच. साध्या कागदावरही चालतं, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमोर सही हवी, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत. मूळ प्रत वडिलांच्या एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका, नेमकी गरजेच्या वेळी ती हाती लागणार नाही.

गावी जमीन असेल तर सातबारा आताच काढून बघा. आजोबांचंच नाव दिसलं तर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे वडील असतानाच अर्ज करा.

आईला या सगळ्यात पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.