स्विचबॉक्समध्ये तिसरी केबल बसेल का?

प्रश्न: न्यू जर्सीतल्या घरी १८ घनइंची स्विचबॉक्सात १४ गेजच्या, काळी-पांढरी-अर्थिंग अशा दोन केबल आहेत. तशीच तिसरी घालू का?

उत्तर: नको. अमेरिकी विद्युतसंहितेत १४ गेजच्या तारेमागे २ घनइंच धरतात. काळ्या-पांढऱ्या सहा, अर्थिंगच्या तिन्ही मिळून एकच (ही सवलत चारपर्यंत), स्विचच्या जागेसाठी दोन तारा धरायच्या, आतल्या क्लॅम्पसाठी (केबल धरणारी पकड) एक. झाल्या दहा, म्हणजे २० घनइंच. तारा जोडायच्या टोप्या आणि बॉक्सातच सुरू होऊन बॉक्सातच संपणारे तारेचे तुकडे मोजू नका. कोंबलं तर झाकण लागतंही, फसगत तिथेच होते: जोड सैलावतात, इन्सुलेशन खरचटतं, उष्णता कोंडते. ब्रेकर बंद करून मोठा बॉक्स बसवा. केबल १२ गेजची असेल तर दर तारेला २.२५ धरा, मग २२.५ लागतील.