पडीक वावरात गवत आणायचं तर

भाऊ, वावर पडीक सोडलं की आपोआप गवताळ रान होतं, असं धरून चालू नका. कपाशीचं खत खाल्लेल्या जमिनीत पहिल्या पावसाला गाजरगवत अन् तरोटाच मातेल. गाजरगवत फुलावर यायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटा.

बियाणं विकत शोधत बसू नका. दिवाळीच्या सुमारास आसपासच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, पवन्या, मारवेल या गवतांचं बी ओरबाडून आणा, सावलीत वाळवून जूनपर्यंत कापडी पिशवीत ठेवा. ताजं बी नीट उगवत नाही. कुसळी गवताचं बी एकमेकांत गुंतून गोळा होतं, ते शेणमातीत कालवून फेका. मारवेलाचे तर ठोंबही लागतात.

झाडांची घाई कशाला? पळस, बोर, हिवर विरळ येतातच. सुबाभूळ मात्र फुकट मिळाली तरी नको. सुरुवातीची दोन वर्षं गुरं आत सोडू नका, बी गळल्यावर गवत कापून गोठ्यात न्या.