फुल्यांच्या आड

प्रश्न : माझी आजी मालवणजवळच्या खेड्यातली. काही सांडलं, मोडलं की ‘आयशीचो घो’ म्हणते. तिच्या आठवणी मी एका दिवाळी अंकाला पाठवल्या. छापताना तिथे ‘आ××× ××’ केलं. आता पुण्याचे नातेवाईक विचारतात, आजी नेमकं म्हणाली तरी काय? हा शब्द छापण्याजोगा नाही का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : नातेवाइकांनी फुल्या मोजल्या असणार. सगळेच मोजतात, आणि स्वतःला येणारी सगळ्यात जहाल शिवी त्यात बसवून बघतात. मालवणीत घो म्हणजे नवरा. आईचा नवरा म्हणजे हिशेबाने बापच की! शिवी आहे, नाही असं नाही; पण आजीच्या तोंडी ती ‘अगो बाई’च्या फार वरची नसावी. फुल्यांनी तिला पार भ-काराच्या पंगतीला नेऊन बसवलं.

संपादक अशा वेळी कायद्याकडे बोट दाखवतात. पण अश्लीलतेचं कलम (पूर्वीच्या दंड संहितेतलं 292, आता भारतीय न्याय संहितेतलं 294) कामुक, वाचणाऱ्याला बिघडवणारं लिखाण शोधतं. सांडलेल्या दुधावरची शिवी त्यात बसत नाही. 1962च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या ‘श्यामा’ कथेवर खटला झाला, लेखक चंद्रकांत काकोडकरांना 25 रुपये दंड झाला, आणि 1969 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडलं. त्याआधी 1934 मध्ये र. धों. कर्वे आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातल्या वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून कोर्टात उभे राहिले. म्हणजे अशाच सदरावरून! वकीलपत्र बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं, तरी दंड चुकला नाही. त्या उत्तरांत शिवी नव्हती, लैंगिक शंकांना सरळ शब्दांत दिलेली माहिती होती. शिवीच्या बाबतीत संपादकाला भीती असते ती कोर्टाची नव्हे, सकाळी सकाळी येणाऱ्या वाचकांच्या फोनची.

मी 31 वर्षं मुद्रितशोधन केलं, त्यातली पहिली काही खिळ्यांच्या, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून छापणाऱ्या छापखान्यात. एकदा एका ग्रामीण कथेला इतक्या फुल्या लागल्या की खिळ्यांच्या खोक्यातले फुलीचे खिळे संपले आणि अक्षरं जुळवणाऱ्या कंपोझिटरने पुढे चांदण्या (*) लावल्या. लेखक विचारत आला, चांदणीची शिवी फुलीच्या शिवीपेक्षा मोठी असते का?

त्याच कथेत एक म्हण होती, एका जातीला हिणवणारी. ‘फोकलीच्या’वर लाल शाई मारणाऱ्या मला ती खटकली नाही, गावाकडचा बाज म्हणून सोडून दिली. प्रूफ आणून देणारा कंपोझिटर त्याच जातीचा. माझ्या टेबलाजवळ तो जरा घुटमळला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “सायेब, हितं फुली नाय का?” ती ओळ लेखकाला विचारून काढली. कंपोझिटरपुढे मात्र माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तेव्हापासून हातात मजकूर आला की आधी एवढंच बघतो, बोलणारा कोण आणि लागणार कुणाला. आजीची शिवी लागते ती फुटलेल्या कपबशीला.

तेव्हा आठवणींचं पुस्तक काढलंत तर शब्द अख्खा ठेवा, खाली अर्थ देऊ नका. पुण्याच्या मंडळींना फोन लावून आजीच्या हातात द्या.