सरकारी आरोग्यव्यवस्था नीट चालते कशामुळे? मोठी हॉस्पिटलं बांधून?
नाही, घराजवळचा दवाखाना रोज चालू असल्यामुळे. ठाण्यात पालिकेच्या आरोग्य केंद्रात मी औषधं देते. बीपीच्या गोळ्यांचा साठा संपला की अनेक पेशंट गोळ्याच सोडतात, मेडिकलमधून विकत घेत नाहीत. मग लकवा मारला की थेट कळव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात, स्ट्रेचरवरून. थायलंडने आधी जिल्ह्याखालच्या पातळीवर रुग्णालयं उभारली, नव्या डॉक्टरांना सरकारी सेवा बंधनकारक केली. ३० बाथमध्ये (बाथ हे तिथलं चलन) उपचारांची योजना त्यानंतर, २००१-०२ मध्ये आली. (आपल्याकडे मोफत उपचारांचं कार्ड आधी!) मात्र कॅन्सर, अपघात यांना दवाखाना पुरत नाही, तिथे मोठं हॉस्पिटल आणि पैसा लागतोच. आपल्या २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने एकूण आरोग्यासाठी जीडीपीच्या २.५ टक्के सरकारी खर्चाचं उद्दिष्ट ठेवलं होतं, २०२५ पर्यंत.