चिलिकाचं तोंड कुणी बंद केलं होतं?

मागच्या वेळी ओडिशाच्या किनाऱ्यावर चार ओळी काय लिहिल्या, तिथल्या चिलिका सरोवरावरच्या प्रश्नांचा ढीगच लागला. आपली निम्मी मंडळी जगन्नाथपुरीला जाऊन आलेली असतात आणि त्यातली बरीच जण चिलिकाकाठच्या सातपाड्याला बोटीतही बसलेली असतात हे मी विसरलेच होते. म्हणून या वेळी सगळं सदर चिलिकालाच. पत्रं थोडी कापलीयेत, राग मानू नका.

ताई, जानेवारीत यात्रा कंपनीबरोबर पुरी केली. सातपाड्याचा नाववाला सांगत होता की पंचवीस वर्षांपूर्वी हे तळं मरायला टेकलं होतं, मग त्याचं "तोंड उघडलं" आणि ते वाचलं. एवढं मोठं पाणी, पलीकडचा काठ दिसत नाही, ते मरतं म्हणजे काय? आमच्या मते गडी फेकत होता. (एक वाचक, सातारा)

नाही हो काका, अजिबात फेकत नव्हता. उलट त्याने एका वाक्यात जे सांगितलं त्यावर लोकांनी जाडजाड रिपोर्ट लिहिलेत.

आधी एक गोष्ट, चिलिका हे तळं नाही. शाळेच्या पुस्तकात "खाजण सरोवर" असं आपण पाठ केलं होतं, पण कोकणातल्या माणसाला खाजण म्हटलं की भरतीचं पाणी शिरणारी चिखलाची जमीन आठवते, त्यामुळे चित्र काही डोळ्यासमोर उभं राहत नाही. तर असं समजा, की तिथे फार पूर्वी समुद्राचा एक उथळ उपसागर होता, आणि लाटांनी किनाऱ्याकिनाऱ्याने वाळू आणून आणून त्याच्या तोंडाशी साठेक किलोमीटरची भिंत घातली. भिंतीच्या आत जे पाणी अडकलं ते चिलिका. लांबी जवळपास 64 किलोमीटर, पुरी, खुर्दा आणि गंजम असे तीन जिल्हे त्याला लागतात, पावसाळ्यात फुगून साडेअकराशे चौरस किलोमीटरच्या वर जातं आणि उन्हाळ्यात आक्रसून नऊशेच्या आसपास येतं. आणि एवढं पसरलेलं असून खोली किती, तर बहुतेक ठिकाणी दोन-तीन मीटरच्या आतच. परात म्हणा ना, समुद्राकाठी ठेवलेली.

आता या परातीत उत्तरेकडून महानदीच्या फाट्यांचं गोडं पाणी येतं, दया, भार्गवी, लुणा वगैरे (दया म्हणजे तीच, जिच्या काठी धौलीला अशोकाने कलिंगचं युद्ध केलं असं मानतात), आणि पूर्वेकडून वाळूच्या भिंतीला जे भगदाड आहे त्यातून समुद्र आत-बाहेर करतो. ते भगदाड म्हणजे तोंड, तिकडे मुहाणा म्हणतात. पावसाळ्यात पाणी जवळजवळ गोडं, मे महिन्यात चांगलंच खारट, मधल्या काळात निमखारं, आणि उत्तरेला एक चव तर दक्षिणेला रंभाच्या बाजूला दुसरीच. या सारख्या बदलणाऱ्या चवीवरच तिथली सगळी जीवसृष्टी उभी आहे. आपला जिताडा, बोय, मोठी टायगर कोळंबी, चिंबोरी, यांची पिल्लं बाहेर समुद्राच्या बाजूला जन्मतात आणि त्या तोंडातून आत येऊन वाढतात, मोठी झाली की अंडी घालायला परत बाहेर. म्हणजे तोंड हा त्यांचा येण्याजाण्याचा मुख्य दरवाजा.

आणि नेमका तोच बंद होत होता! नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटा त्या किनाऱ्यावर दरवर्षी लाखो घनमीटर वाळू उत्तरेकडे ढकलत नेतात, त्यामुळे तोंड अरुंदही होतं आणि उत्तरेला सरकतही जातं. नव्वदच्या दशकात ते अरखकुडा गावाजवळ पोचलं होतं, म्हणजे सरोवरातल्या पाण्याला समुद्र गाठायला किनाऱ्याला समांतर अशा पंचवीसेक किलोमीटरच्या लांबलचक चिंचोळ्या नळीतून जावं लागायचं, आणि ती नळीही गाळाने भरत चाललेली. भरती तिथून आत येईस्तोवर दमूनच जायची. ओहोटीला जोर नाही म्हणून नद्यांनी आणलेला गाळ बाहेर पडेना, पाणी गोडं व्हायला लागलं, गोड्या पाण्यात जलपर्णी आणि नळ गवताची बेटंच्या बेटं माजली, त्यांच्या मुळांत आणखी गाळ अडकला आणि हे चक्र सुरूच. वरच्या डोंगरांतली झाडं तुटली तसा गाळ वाढला, 1957 मध्ये महानदीवर हिराकूड धरण झालं तसं तिच्या पुरांचं गणितही बदललं. 1985-86 मध्ये साधारण 8,600 टन मासळी मिळायची, दहा वर्षांनी ती 1,300 टनांच्या घरात आली. नाववाल्याच्या बापाने हे दिवस जाळ्यात बघितलेत, त्याला रिपोर्टची गरज नाही.

1981 मध्ये भारतातल्या ज्या पहिल्या दोन पाणथळ जागा रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेल्या त्यात चिलिका होतं (दुसरं भरतपूरचं केवलादेव), आणि 1993 मध्ये तेच चिलिका माँत्रो रेकॉर्डमध्ये गेलं, म्हणजे रामसरवाल्यांची आयसीयूची यादी.

मग 23 सप्टेंबर 2000 ला सिपकुडाजवळ वाळूची भिंत कापून नवीन तोंड पाडलं. पाण्याचा रस्ता 18 किलोमीटरने कमी झाला. आणि हे कुठे कापायचं त्याची मॉडेलं आपल्या पुण्याच्या खडकवासल्याला, केंद्र सरकारच्या जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बनली, धरणावर भजी खायला जाताना त्या गेटवरून आपण शंभरदा गेलेलो असतो! परिणाम इतका पटकन दिसला की विश्वास बसत नाही. खारटपणा परत आला, गवत मागे हटलं, 2001-02 मध्ये मासळी 12,000 टनांच्या जवळ गेली, आणि 2002 मध्ये चिलिका त्या यादीतून बाहेर पडलं, आशियातली अशी पहिली जागा. वर रामसरचा पुरस्कारपण मिळाला.

लोणारचं पाणीपण खारं आणि चिलिकाचंपण. दोन्ही रामसर. मग दोन्ही एकाच प्रकारची का? (नववीतला विद्यार्थी)

नाही रे. लोणार उल्केच्या धडकेने पडलेला खड्डा आहे, त्यात पाणी येतं पण बाहेर जायला वाटच नाही, म्हणून क्षार साठत गेले. चिलिकाचा खारटपणा रोज समुद्रातून ताजा येतो. परीक्षेत एवढं लिही, मार्क मिळतील.

ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होता असं वाचलंय. चिलिकाशी आपला काही संबंध? (एक वाचक, नागपूर)

आहे, आणि तो जरा कडवट आहे. 1751 मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याच्याशी तह होऊन ओडिशा रघूजी भोसल्यांच्या ताब्यात आला तो 1803 पर्यंत. चिलिकाच्या दक्षिणेला गंजम होतं आणि ते इंग्रजांकडे, मद्रासवाल्यांच्या हाताखाली. म्हणजे चिलिका ही सरहद्दच झाली. आता नकाशा समोर घ्या. गंजमहून पुरीला फौज न्यायची तर एका बाजूला हे अफाट पाणी, दुसरीकडे समुद्र आणि मधे वाळूची ती चिंचोळी पट्टी, तीही सलग नाही, माणिकपाटण्याला पाणी ओलांडायला लागतं. दोन-चारशे बंदूकवाले मनापासून बसले असते तरी इंग्रजांचे हाल झाले असते. पण त्याच पट्टीवरच्या मालूदचा फतेह मोहम्मद, ज्याने ही वाट राखायची, तोच फिरला. सप्टेंबर 1803 मध्ये कर्नल हारकोर्टची फौज माणिकपाटण्यावरून काही लढाई न होता पार झाली आणि थोड्याच दिवसांत पुरीत. फतेह मोहम्मदला बक्षीस म्हणून मालूदची जहागीर बिनसाऱ्याची मिळाली. नागपूरचं दक्षिणेचं दार असं आतूनच उघडलं गेलं.

बाकी माणिकपाटणा हे गाव फार जुनं आहे. तिथल्या उत्खननात चिनी भांड्यांचे तुकडे निघालेत, आणि जवळच्या पालूर बंदराचं नाव दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात येतं असं मानतात, म्हणजे आज जिथे होडी गाळात रुतते तिथून एकेकाळी गलबतं सुवर्णद्वीपाकडे, म्हणजे आग्नेय आशियाकडे निघायची. ओडिया लोक गावाच्या नावाची वेगळीच गोष्ट सांगतात. राजा पुरुषोत्तमदेव कांचीवर स्वारीला निघाला तेव्हा जगन्नाथ आणि बलभद्र काळ्या-पांढऱ्या घोड्यांवर बसून पुढे गेले, वाटेत माणिक नावाच्या गवळणीकडे दही प्यायले, आणि पैशांऐवजी अंगठी देऊन सांगितलं की मागून राजा येतोय त्याच्याकडून पैसे घे. आपल्या विठोबालाही शोभेल अशी उधारी.

मी कोळंबी शेतीवाला माणूस. चिलिकाचं काही निघालं की सगळे कोळंबीवाल्यांच्या नावाने खडे फोडतात. तोंड उघडलं, मासळी वाढली, पुरस्कार मिळाला, मग आता रडगाणं कशाला? (एक वाचक, पालघर)

दादा, तुमचा राग समजू शकते, पण तुमचं तळं तुमच्या जमिनीत आहे. चिलिकात जे झालं ते वेगळं. तिथे सरोवराच्या आतच, सगळ्यांच्या पाण्यात, बांबू आणि जाळ्यांचं कुंपण घालून किंवा बांध टाकून तुकडे तोडले गेले. त्याला घेरी म्हणतात. ऐंशीच्या दशकात बागडा, म्हणजे टायगर कोळंबीला परदेशात सोन्याचा भाव आला आणि ज्याच्याकडे पैसा आणि माणसं होती त्याने पाणी घेरलं.

त्याआधी तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या ठरलेल्या होत्या. केउट, कंडरा, तिअर, नोलिया अशा जातींनी कुठे, कसली जाळी लावायची हे ठरलेलं, पुढे 1959 पासून सोसायट्यांमार्फत लीज मिळायचं. 1991 मध्ये सरकारने नवीन धोरण आणून मासे पकडणं आणि कोळंबी पाळणं अशी पाण्याची फाळणी केली, त्याच सुमाराला एका बड्या उद्योगसमूहाचा मोठा कोळंबी प्रकल्प येणार होता, त्याविरुद्ध चिलिका बचाओ आंदोलन उभं राहिलं आणि प्रकल्प गेला. 11 डिसेंबर 1996 ला सुप्रीम कोर्टाने चिलिका आणि पुलिकत (आंध्र-तामिळनाडूच्या सीमेवरचं असंच खाजण सरोवर) यांच्यापासून 1,000 मीटरच्या आत असली कोळंबी शेती बंद करायला सांगितली. तरी घेरी राहिल्याच. मे 1999 मध्ये मच्छीमारांनी स्वतःच जाऊन त्या उखडल्या, त्यानंतर सोराणा गावात पोलिसांचा गोळीबार झाला आणि चार माणसं गेली. हे पुरस्काराच्या जेमतेम तीन वर्षं आधीचं.

आणि घेरीचा दोष फक्त "गरिबाचं पाणी श्रीमंताने घेतलं" एवढाच नाही हो, ती पाण्याचा वेगच मारते. जाळ्याच्या भिंतीशी गाळ बसतो, आणि तोंडातून आत आलेली पिल्लं तिथेच अडतात. म्हणजे एवढा खर्च करून दरवाजा उघडला आणि आत दिवाणखान्यात कुंपणं. हायकोर्टाच्या आदेशानंतर गेल्या काही वर्षांत हजारो हेक्टरांवरच्या घेरी काढल्या गेल्या, पण बांबू रोवायला एक रात्र पुरते.

एक मात्र मान्य, की घेरीवाला प्रत्येक जण काही गुंड नव्हता, काठच्या शेतकऱ्यांनीही शेतं पिकेनाशी झाल्यावर पाण्यात हात घातला, आणि मच्छीमारांतलेही काही मच्छरदाणीसारखं बारीक जाळं लावून बोटभर पिल्लंसुद्धा उपसतात. त्यात भुवनेश्वरचं सांडपाणी गंगुआ नाल्यातून दया नदीत आणि दयेतून थेट चिलिकात. वाळू कापणं सोपं होतं असं माझं मत झालंय. वाळू भांडत नाही, मतंही देत नाही. आणि वाळूचं कामही एकदाचं नसतंच, ती सरकतच राहणार, 2019 च्या फनी वादळाने तर आपल्या आपणच नवीन तोंडं पाडली.

डॉल्फिन बघायला बोटीने जावं की नाही? मुलं हट्ट करतायत पण वाचलं की बोटींमुळे त्यांना त्रास होतो. (एक आई, ठाणे)

मुलांना आधीच सांगून ठेवा की हा टीव्हीतला उड्या मारणारा डॉल्फिन नाही. इरावडी डॉल्फिन आहे, गोल डोक्याचा, चोच नसलेला, पाठ जराशी वर काढून फुस्स करतो आणि खाली जातो, झालं. सगळ्या चिलिकात मिळून दीडशेच्या आसपास. ते राहतात त्या तोंडाजवळच्या भागातच बोटी सगळ्यात जास्त, आणि डॉल्फिन आवाजावर जगणारं जनावर, त्यामुळे त्रास होतो हे खरंच आहे, पंख्याच्या पात्याने जखमासुद्धा होतात. मी गेले होते तेव्हा आमच्या नाववाल्याला इंजिन बंद कर म्हटलं तर तो म्हणाला, दीदी, पुढे पाच बोटी पळतायत, मी थांबलो आणि तुम्हाला काही दिसलं नाही तर पैसे द्यायला तुम्हीच कुरकुर कराल. त्याचंही बरोबरच होतं. आम्ही म्हटलं नाही करणार. मग वीस मिनिटं नुसतं डुलत बसलो, आणि दोनदा तो फुस्स आवाज आला, एकदा तर अगदी बोटीच्या मागेच.

माझं ऐकाल तर पुढच्या खेपेला उत्तरेच्या काठावरच्या मंगळाजोडीला जा. तिथली पूर्वी पक्षी मारून विकणारी माणसं आता पक्षी राखतात आणि दाखवतात, होडी बांबूने ढकलतात, इंजिनच नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघा. मुलांना टोपी द्या, पाण्यावरचं ऊन नऊच्या पुढे सोसवत नाही.