ताबा घेताना आधी पंपरूम बघा

नव्या संकुलाचा कारभार बिल्डरकडून तुमच्या कमिटीकडे येतोय, तर क्लबहाउसच्या आधी आग विझवायच्या पंपाच्या खोलीत, म्हणजे पंपरूममध्ये जा. अग्निशमन दलाचा अंतिम ना-हरकत दाखला आणि आगीची यंत्रणा नियमाप्रमाणे बसवल्याचा परवानाधारक एजन्सीचा फॉर्म ए फाइलमध्ये हवाच, पण कागदावर थांबू नका. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या हायड्रंटला, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळाला, होज (लवचीक पाइप) जोडायला लावा, पंप सुरू करा आणि पाणी जोरात येतंय का, हे स्वतः उभं राहून पाहा. पंपाचा स्विच 'ऑटो'वर असायला हवा. तो 'ऑफ'वर असेल तर एवढी सगळी पाइपलाइन नुसती शोभेची. आगीसाठी राखलेलं पाणी रोजच्या वापराला जात नाही ना, हेही विचारा.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. तेवढी तारीख सांभाळा.

संकुलातल्या बंबाच्या रस्त्याबाबत मात्र पहिल्याच सभेत कडक राहा. बंब वळायची जागा एकदा पार्किंगला दिली की परत मिळवताना भांडणं होतात. जिन्यातले चपलांचे रॅक, सायकली, कुंड्याही तेव्हाच हलवून घ्या. आगीत लिफ्ट वापरायची नसते, सगळे जिन्यानेच उतरणार.